सात पडदे आणि वेदीमागची भिंत: एका मराठी चर्चमध्ये नवी कला आणताना काय घडलं

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. चर्चचं आणि माणसांचं नाव देत नाहीये, ओळख पटेल असे काही तपशील पण बदललेत. हे काम करणाऱ्या चित्रकारांच्या गटात मी आहे आणि गटाची नोंदवही माझ्याकडे असते, त्यामुळे कुठल्या मीटिंगला कोण काय बोललं ते बऱ्यापैकी लिहून ठेवलेलं आहे. आपल्या चर्चमध्ये असं काही करू बघणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

पार्श्वभूमी

चर्च जुनं, दगडी, अमेरिकन मराठी मिशनच्या काळातलं. हे मिशन १८३१ ला अहमदनगरला आलं आणि तिथून आजूबाजूच्या खेड्यांत गेलं. त्यांची परंपरा साध्या भिंतींची, ना मूर्ती ना चित्रं ना रंगीत काचा. आमच्याकडे वेदीमागच्या कमानीवर 'देव प्रीती आहे' एवढीच अक्षरं होती, ऑइलपेंटची, निळी, काळ्या सावलीची. १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, उपासनेची पद्धत थोडी बदलली, पण भिंती तशाच राहिल्या.

मग फ्लेक्स आला. दर जानेवारीत वार्षिक वचनाचा, म्हणजे त्या वर्षासाठी निवडलेल्या बायबलच्या ओळीचा, एक फ्लेक्स वेदीमागे लागतो, त्यावर नेटवरून उतरवलेला सूर्योदय, एक कबुतर आणि बहुतेक वेळा सोनेरी केसांचा येशू. तो चेहरा आपल्या सगळ्यांच्या घरात आहेच, शिकागोच्या वॉर्नर सॉलमनने १९४० मध्ये रंगवलेला किंवा त्याच्यावरून कोणीतरी काढलेला. माझ्या आजीच्या घरी पण तोच होता आणि तिने आयुष्यभर त्याच्यासमोर प्रार्थना केली, त्यामुळे त्या चित्राला नावं ठेवायची माझी अजिबात इच्छा नाही. पण शंभरेक वर्षं एका गावात राहिलेल्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांनी मिळून, आपल्या विश्वासाचं स्वतःचं असं एकही चित्र काढू नये, ही गोष्ट मला फार वर्षं खुपत होती.

गट तयार झाला तो नाताळच्या गव्हाणीच्या देखाव्यामुळे. दोन ड्रॉइंग टीचर, मुंबईला जे. जे. मध्ये शिकून आलेली एक मुलगी, आर्किटेक्चरला असलेला एक तरुण, मी, आणि बोर्ड रंगवणारे एक काका. काकांचा धंदा फ्लेक्सने बसवला, पण त्यांचा हात अजून तसाच आहे. कमानीवरची ती निळी अक्षरं त्यांच्या वडिलांची. काका सांगतात, खडू लावलेला दोरा ताणून टिचकी मारायची, भिंतीवर सरळ रेघ उमटते, मग 'देव' मधल्या 'व' चं पोट आधी रंगवायचं आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, म्हणजे अक्षरं एका ओळीत बसतात.

अडचण

दोन पावसाळ्यांत वेदीमागची भिंत ओली झाली आणि प्लास्टर फुगलं. कमिटीने ठरवलं की भिंत खरवडून त्यावर 'शेवटचे भोजन' चं मोठं डिजिटल प्रिंट लावायचं. दाता तयार होता, आईच्या स्मरणार्थ. आमच्याकडे पंख्यांवर आणि बाकांवर पण 'यांच्या स्मरणार्थ' असतं, त्यात काही गैर नाही, चर्च असंच उभं राहतं.

गटाने कमिटीला पत्र दिलं की प्रिंटच्या ऐवजी आपल्याच माणसांकडून नवीन काम करून घेऊ. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, अनुकूल होते, सेक्रेटरी सरांना खर्चाची काळजी होती, आणि दोन ज्येष्ठ मंडळींचा तत्त्वतः विरोध होता. त्यांनी बायबलमधला निर्गम २० काढून वाचला, कोरीव मूर्ती करू नको. एकजण म्हणाले, आपल्या वाडवडिलांनी मूर्ती सोडल्या त्या चित्राच्या वाटेने परत आणू नका.

या आक्षेपाला लगेच उत्तर द्यायचं नाही असं आम्ही ठरवलं, आणि मला वाटतं हा आमचा पहिला चांगला निर्णय. पुढच्या मीटिंगला ड्रॉइंगच्या सरांनी फक्त एक मुद्दा मांडला. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनं चर्चमध्ये आणली, आज आपण तीच तबला-पेटीवर गातो आणि ती आपल्याला परकी वाटत नाहीत, मग कानाने जे घेतलं ते डोळ्याने का नको? विरोध मावळला नाही. पण 'चित्र नकोच' वरून बोलणं 'कसलं चित्र' वर आलं.

जिथे खरं अडलं

आम्हाला वाटत होतं की विदेशी चेहऱ्याच्या जागी भारतीय चेहरा आणला की काम झालं. म्हणून एका रविवारी उपासनेनंतर अँजेलो दा फोन्सेकांची चित्रं पडद्यावर दाखवली. फोन्सेका (१९०२–१९६७) मूळ गोव्याचे. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले. साडीतली सावळी मरिया रंगवली म्हणून गोव्यात इतकी टीका झाली की ते पुण्याला आले आणि ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढत राहिले. आज त्यांच्या कामाचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. इतकं सुंदर काम, तेही आपल्या पुण्यात झालेलं, आणि आमच्या मंडळीत फार तर दोघातिघांनी त्यांचं नाव ऐकलेलं.

चित्रं लोकांना आवडली. पण दिवे लागल्यावर महिला मंडळातल्या एक मामी उठल्या आणि म्हणाल्या, "चित्र छान हाय, पण ही आमची बाई नाही. ही वाड्यातली बाई हाय."

बराच वेळ कोणी काही बोललं नाही, मग एकदम सगळेच बोलायला लागले. आमच्या मंडळीतली बहुतेक घरं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गावकुसाबाहेरून मिशनमध्ये आलेली आहेत. कमळ, पद्मासन, काठापदराची शांत बाई ही सगळी भारतीय खूण खरी, पण ती ज्यांच्या घरातली आहे त्यांच्या ओट्यावर आमच्या पणज्यांना चढू देत नव्हते. विदेशी येशू परका तर आहेच, पण निदान त्याने कधी दारातून हाकललं नव्हतं, असं एक काका म्हणाले आणि ते मला अजून आठवतं.

फोन्सेकांना यात दोष द्यायचं काहीच कारण नाही, त्यांनी त्यांच्या काळात जे केलं त्याला फार धैर्य लागलं. हा प्रश्न पुढच्या चित्रकारांनी हातात घेतलाही आहे. पुण्यात १९४४ ला जन्मलेले आणि पुढे बेंगळुरूजवळ आश्रम काढून राहिलेले ज्योती साही यांचं 'दलित मॅडोना' हे चित्र ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चच्या संग्रहात आहे. आम्ही नंतर ते पण दाखवलं. पण त्या दिवशी कळलं ते एवढंच, की भारतीय म्हणजे आपोआप आपलं असं होत नाही आणि 'आपलं काय' हे चित्रकारांनी एकट्याने ठरवायचं नाही.

समोरचे पर्याय

डिजिटल प्रिंट स्वस्त आणि लगेच होणारं, दाता पण खूष. गटाला नको होतं, पण मंडळीने ते मागितलं असतं तर आम्ही अडवणार नव्हतो, कारण चर्च चित्रकारांचं नाही, मंडळीचं आहे.

भिंतीवर कायमचं म्युरल हे आमच्या तरुण मंडळींचं स्वप्न. इथे इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या सेंट मॅथ्यू चर्चचं उदाहरण निघालं. तिथले व्हिकर, म्हणजे पाळक, वॉल्टर हसी यांनी १९४४ ला हेन्री मूरकडून माता-बालकाचं शिल्प आणि १९४६ ला ग्रॅहम सदरलंडकडून क्रूसावरचा ख्रिस्त करून घेतला. विरोध भरपूर झाला पण कामं टिकली आणि आज ती जगभर माहीत आहेत. मात्र आर्किटेक्चरच्या पोराने बरोबर मुद्दा काढला की हसी त्या एका चर्चमध्ये १९३७ ते १९५५ होते. आपल्याकडे पाळकांची बदली होते. एका पाळकसाहेबांच्या भरवशावर भिंत रंगवायची आणि पुढच्यांनी त्यावर चुना मारायचा, असं व्हायला नको. शिवाय इमारतीत कायमचा बदल म्हणजे डायसिसची (बिशपच्या कार्यालयाची) लेखी परवानगी, आणि ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही हे वेगळंच. ओल मुळातून काढल्याशिवाय म्युरलचा विचारही करू नये हे मी कोणालाही सांगेन, खालून ओल चढत असेल तर वरून कितीही भारी प्रायमर मारला तरी पोपडे येतात.

तिसरा पर्याय शेजारच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचा. सोपा, कोणाचाच विरोध नाही. पण मग ते उपासनेच्या बाहेरच राहतं, लोक चहा घेत बघतात आणि घरी जातात.

चौथा सुचवला पाळकसाहेबांनी. आपल्याकडे गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना असते आणि क्रूसावरच्या सात उद्गारांवर सातजण बोलतात. प्रत्येक उद्गारासाठी एक कापडी पडदा करा, त्या वक्त्याच्या वेळी तो वर चढवा, उपासना झाली की उतरवून ठेवा. भिंतीला हात नाही, परवानगीची गरज नाही, आणि कोणाला नाही पटलं तर तीन तासांत काम संपलं.

आम्ही हाच घेतला. दोघेजण नाराज होते, त्यांना हे माघार घेतल्यासारखं वाटलं. मला तसं वाटलं नाही, कारण म्युरल एका दिवशी उघडतं आणि मग रोज तिथेच असतं, हळूहळू दिसेनासं होतं, पण वर्षातून एकदाच वर चढणारा पडदा लोक खरंच बघतात.

काय केलं

पैसे कापणीच्या सणातून आले. धान्य, कोंबड्या, भोपळे यांचा लिलाव होतो त्यातला एक हिस्सा कमिटीने दिला. प्रिंट देणाऱ्या दात्यालाही विचारलं, त्यांनी मोठ्या मनाने ती रक्कम भिंतीच्या ओलीच्या कामाला वळवली.

मानधनावर बरीच चर्चा झाली. देवाचं काम आहे, पैसे कसले, हे वाक्य प्रत्येक चर्चमध्ये ऐकू येतं. पण पेटी-तबला दुरुस्त करणाऱ्याला पैसे देतो, वायरमनला देतो, मग बोर्ड रंगवणाऱ्या काकांना का नाही? ठरलं असं की साहित्याचा पूर्ण खर्च चर्चचा आणि प्रत्येकाला ठराविक, छोटं, पण सगळ्यांना सारखं मानधन. ज्याला परत दान करायचंय त्याने दानपेटीत टाकावं, ती त्याची मर्जी.

इथे एक कायद्याची गोष्ट मुद्दाम सांगते कारण आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन सांगून चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो, चित्रकार नाही. चित्रकाराकडे कलम ५७ चा हक्क राहतो, म्हणजे काम माझं आहे हे सांगायचा आणि त्याची मोडतोड करून मान घालवला तर हरकत घ्यायचा. आम्ही एक पानाचा मराठी करार केला: पडदे चर्चचे, कॉपीराइट ते बनवणाऱ्यांचा, चर्चला उपासनेत आणि स्वतःच्या पत्रिकेत वापरायची कायमची मुभा, बाकी कुठे छापायचं तर विचारून.

कापड मांजरपाट घेतलं. कढत पाण्यात धुवून खळ काढली नाही तर रंग वर तरंगतो. पडदे उंच आणि अरुंद ठेवले, वर बांबू, खाली शिवलेल्या नेफ्यात लोखंडी सळई, कारण एप्रिलच्या दुपारी पंखे बंद ठेवणं शक्य नाही आणि वजन नसेल तर कापड वक्त्याच्या तोंडावर येतं. वासाला कप्पी लावून दोराने चढवायची सोय केली, हे आर्किटेक्चरच्या पोराचं काम.

विषय ठरवायला मात्र आम्ही एकटे बसलो नाही. प्रत्येक उद्गार घेऊन घराघरातल्या प्रार्थना सभांना गेलो आणि एकच विचारलं, हे वचन ऐकल्यावर तुम्हाला काय दिसतं?

पाचव्या उद्गाराचं, 'मला तहान लागली आहे' चं स्केच आमच्याकडे आधीच तयार होतं, टँकर आणि हंड्यांची रांग. त्याच मामींनी बघितलं आणि नाही म्हणाल्या. "रांग आत्ताची. माझी आजी विहिरीपाशी वंजळ धरून उभी राहायची, कुणाला दया आली तर वरून पाणी घालायचं, आन् शिवायचं नाही." म्हणून हातात भांडं नाही, फक्त ओंजळ. १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं ते पण तिथेच कोणीतरी आठवून दिलं.

तो पडदा महिला मंडळाने केला, रंगाने नाही, गोधडीच्या पद्धतीने. जुनी लुगडी फाडून तुकडे, त्यातून वरून बघितलेली मोठी रिकामी ओंजळ, आणि सगळ्यावर धावदोरा. टाके हाताच्या रेषांसारखे फिरवलेत, तळव्याच्या मध्यावर इतके दाट की कापड तिथे आक्रसून खरंच खोलगट झालंय. आम्हा शिकलेल्या कोणाला हे सुचलं नसतं.

चौथा उद्गार, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' जे. जे. च्या मुलीकडे होता. तिने काहीच रंगवलं नाही. एका म्हाताऱ्या मेंढपाळाकडून वापरलेली काळी घोंगडी विकत आणली आणि तीच तशीच टांगायची म्हणाली. कमिटीत गदारोळ झाला. घोंगडी टांगायची याचे पैसे द्यायचे? निदान वर एक क्रूस तरी शिवा. ती शांतपणे म्हणाली की आपण दर रविवारी 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' म्हणतो, त्या वेळेला मेंढपाळ दिसत नाही, नुसती घोंगडी उरलीय. क्रूस शिवला तर लगेच उत्तर मिळतं, आणि त्या वचनात प्रभूला उत्तर मिळालेलं नाही.

मत घ्यायची वेळ आली होती. पाळकसाहेबांनी मत घेतलं नाही. त्या उद्गारावर जे वक्ते बोलणार होते, योगायोगाने ते चित्राला विरोध करणाऱ्या दोन ज्येष्ठांपैकीच एक, त्यांना विचारलं की तुम्ही या घोंगडीखाली उभं राहून बोलाल का. त्यांनी एक आठवडा मागितला आणि हो म्हणाले.

परिणाम

गुड फ्रायडेला सातही पडदे चढले. सगळे सारखे चांगले नव्हते, दुसरा फार भरगच्च झाला होता आणि सहाव्याचा रंग मागच्या बाकांवरून दिसतच नव्हता. पण ओंजळ वर चढली तेव्हा बायकांच्या बाजूला रडणं सुरू झालं. आणि त्या ज्येष्ठांनी घोंगडीवर जे प्रवचन केलं त्यात त्यांनी मूर्तीबद्दलचं आपलं मत सोडलं नाही, उलट म्हणाले, हे चित्र नाही म्हणून मी इथे उभा आहे. मला तो युक्तिवाद प्रामाणिक वाटला.

सगळे काही खूष झाले नाहीत. दोन कुटुंबांनी कमिटीला लिहून दिलं की त्यांना गुड फ्रायडेला जुन्या दुःखाची आठवण नको होती, ते सोडूनच तर इथे आलो. या पत्राला आमच्याकडे चांगलं उत्तर नाही. ते नोंदवहीत लावलंय आणि दर वर्षी लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) आधी परत वाचतो.

नंतर आजूबाजूच्या तीन चर्चनी पडदे मागितले. ब्रिटनचा तो मेथडिस्ट संग्रह पण असाच चर्चमधून फिरतो, १९६० च्या दशकात एका सामान्य सभासदाच्या पुढाकाराने सुरू झालेला, तो नमुना आमच्या डोळ्यासमोर होता. एका ठिकाणी घोंगडी नको म्हणून सहाच नेले, आम्ही दिले. एका ठिकाणाहून मेणाचे डाग पडून आले. आता उसने देताना एक चिठ्ठी सोबत जाते, मेणबत्ती किती लांब ठेवायची आणि घडी न घालता कसं गुंडाळायचं ते लिहिलेली. परवानगी न विचारता एका पडद्याचा फोटो कोणीतरी सभेच्या फ्लेक्सवर पण वापरला, करार होता म्हणून नम्रपणे पत्र लिहिता आलं आणि त्यांनी नाव छापलं.

भिंतीची ओल निघाली. वार्षिक वचनाचा फ्लेक्स बंद झाला, त्या जागी काका दर जानेवारीत कापडावर हाताने वचन लिहितात आणि संडे स्कूलची दोन मुलं त्यांचा दोरा धरतात.

वेगळं काय करता येईल

पडद्यांवर कोणाचंच नाव नाही असं ठरवलं होतं, देवाच्या घरात सही नको म्हणून. बायकांचं काम त्यामुळे 'महिला मंडळ' एवढ्याच नावाने राहिलं, आणि चित्रकारांची नावं मात्र तोंडोतोंडी सगळ्यांना कळली. मागच्या बाजूला, आतल्या कडेला, प्रत्येक शिवणाऱ्या बाईचं नाव धाग्याने घालायला हवं. यावर्षी घालतोय.

ज्या दोन कुटुंबांनी पत्र दिलं त्यांच्या घरी प्रार्थना सभाच झाली नव्हती, कारण ती गावाच्या नव्या भागात राहतात आणि आम्ही जुन्या वस्तीतच फिरलो. विचारणा करायची तर यादी काढून करायला हवी, जिथे ओळख आहे तिथेच नाही. वक्त्यांनाही पडदे फार उशिरा दाखवले, दोघांची प्रवचनं पडद्याला सोडून भलतीकडेच गेली, निदान महिनाभर आधी वक्ता आणि पडदा करणारे यांना एकत्र बसवायला हवं.

आणि पाळकसाहेबांची बदली आता जवळ आलीय. म्हणून पडद्यांची नोंद चर्चच्या मालमत्तेच्या रजिस्टरमध्ये करून घेतली, करार जोडला, आणि गटातला एकजण कमिटीवर असावा असा ठराव केला. कोरड्या झालेल्या भिंतीसाठी डायसिसला अर्ज अजून दिलेला नाही. नवे पाळक आले की आधी त्यांच्याबरोबर घराघरातल्या सभांना जायचं, तिथे भिंतीबद्दल लोकांना काय दिसतं ते विचारायचं, मग अर्जाचं बघू.